एर्मेलिंदाचं नवं डुक्कर

निरोप रेडिओवरून गेला आणि तिथेच घोळ झाला. एर्मेलिंदाची सून यास्ना अजूनही म्हणते की तिने लिहून दिलेल्या निरोपात एक शब्दही चुकीचा नव्हता, आणि ते खरंच आहे.

कास्त्रो गावाहून केउई बेटावर निरोप धाडायचा तर रेडिओसारखं दुसरं साधन नाही. सकाळच्या बातम्या संपल्या की निवेदक वाचायला घेतो. अमक्याचं ऑपरेशन नीट झालं, तमक्याने सोमवारच्या लाँचवर बटाट्याची पोती चढवावीत. सगळं बेट स्वतःचे आणि दुसऱ्यांचेही निरोप कान देऊन ऐकतं. निरोप आटोपशीर हवा, म्हणून यास्नाने नवऱ्याच्या मावशीसाठी, त्रान्सितोसाठी, एवढंच लिहून दिलं: "एर्मेलिंदाचं डुक्कर डॉक्टरांनी बंद केलं. रविवारी तिच्या घरी नवं निवडायचंय. जमल्यास या."

गावात हे ऐकून कोणाची भुवई वर गेली नसती. आमच्याकडे लाकडी जमीन घासून चकाकवायच्या लोखंडी ठोकळ्याला डुक्करच म्हणतात. खाली राठ केसांचा ब्रश, वर दहा किलो लोखंड आणि ते रेटायला लांब दांडा. आधी तारेच्या जाळीने जमीन खरवडायची, मेण लावायचं, वाळू द्यायचं, मग डुक्कर पुढे-मागे फिरवत बसायचं. एर्मेलिंदा बाहामोंदेने हे चव्वेचाळीस वर्षं दर शनिवारी केलं. जमीन तिच्या नवऱ्याने, ओतोनिएल बार्रियाने, होड्या बांधून उरलेल्या फळ्यांची स्वतःच्या हाताने घातलेली. तो गेल्यावर तर ती जास्तच घासायला लागली.

जूनमधल्या एका शनिवारी रोसामेल, तिचा थोरला, आईकडे लाकडं टाकायला गेला. दार वाजवलं, हाका मारल्या, खिडकीतून डोकावला. आतून कडी होती. शेवटी त्याने खांद्याने दार फोडलं, तेव्हा आई दिवाणखान्यात डुकराच्या दांड्याला धरून खाली बसली होती. ओठ निळे पडले होते आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. तेवीस दिवस इस्पितळात गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खरवडलेल्या मेणाची आणि चुलीच्या राखेची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत जाते आहे. मेण बंद, खरवडणं बंद, केरसुणी बंद, आणि डुक्कर तर बंदच.

तेव्हापासून एर्मेलिंदा मुलीकडे, नोल्फाकडे, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत होती. स्वतःच्या घरी परतायचं तर एकच वाट डॉक्टरीणबाईंनी ठेवली होती. घरात चांगला व्हॅक्यूम क्लीनर हवा, तो रोज फिरायला हवा. त्याने साफ केलेल्या घरात दोन तास बसून एर्मेलिंदाने श्वासाचा जोर मोजायची फुंकनळी फुंकायची, आणि काटा दोनशेच्या खाली उतरता कामा नये. सोमवारी नोल्फाने तो आकडा घेऊन दवाखान्यात जायचं होतं. काटा उतरला तर घर भाड्याने द्यायचं, असं दोघा भावंडांनी ठरवून टाकलं होतं. मंगळवारी एक मास्तर घर बघायला येणार होते. हे आईला कोणी सांगायचं ते मात्र दोघंही एकमेकांवर ढकलत होती.

*

रविवारी सकाळी नोल्फा उठून बाहेर आली, तर आई कोट चढवून, केस विंचरून खुर्चीत तयार बसलेली. पायाशी बॅग होती, आणि ती चांगलीच फुगलेली होती.

"दोन तासांसाठी चाललोय आपण, आई. सपाता कशाला घेतल्यास?"

"पाय गार पडतात माझे."

"आणि बाबांचा फोटो?"

"त्यालाही गार पडतं," एर्मेलिंदा म्हणाली आणि बॅगेची चेन ओढून घेतली.

नोल्फाने मान डोलावली. पोस्टाच्या खिडकीत अठ्ठावीस वर्षं काढलेली बाई, लोकांचं ऐकून घ्यायची तिला सवय होती. पण फोटोची जागा तिने स्वतः करून दिली होती, टीव्हीशेजारी, स्वतःची फुलदाणी हलवून. त्या जागी आता धुळीत एक चौकोन उरला होता. आईने तो पाहिला होता आणि पुसायचा मोह आवरला होता, हेही तिच्या लक्षात आलं.

खरं तर आईच्या घरासाठी सगळ्यात जास्त नोल्फाच भांडली होती. रोसामेल म्हणत होता की आईने फ्लॅटमध्येच राहावं, विषय संपला. नोल्फाने त्याला सांगितलं की आई म्हणजे जुनं कपाट नव्हे, या खोलीतून त्या खोलीत सरकवायला. दोन महिने वाद झाला. एक मशीन नक्की करायचं, पण रोसामेलने एक सुचवावं, यास्नाने एक आणि नोल्फाने एक, आणि तिन्ही आईच्याच घरात चालवून बघावीत, इथवर तिनेच सगळ्यांना आणलं. ही भांडणं करताना तिला आपण फार न्यायाने वागतो आहोत असं वाटायचं. पण संध्याकाळी सहाला ती कामावरून यायची तेव्हा जिन्यातच भाजलेल्या पावाचा वास यायचा आणि आतून आवाज यायचा, चपला बाहेर काढ. हे दोन महिने चाललं होतं. ते थांबावं असं तिला मुळीच वाटत नव्हतं, आणि हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं.

निघण्याआधी एर्मेलिंदाने नळी तीनदा फुंकली. सगळ्यात चांगला आकडा दोनशे वीस आला. नोल्फाने तो वहीत लिहिला.

*

रोसामेल सकाळपासून आईच्या घरी होता. धुराडं त्याने ऑगस्टमध्येच नवं बसवलं होतं, गालिचे काढून नेले होते. दाराची मोडलेली कडीही बदलली होती. ते काम करताना मात्र त्याचा हात चालत नव्हता. पन्नाशीचा, होड्यांच्या कारखान्यात फळ्या वाकवणारा गडी, पण त्या दारापाशी आला की त्याला प्रत्येक वेळी तेच आठवायचं. आपण किती वेळ नुसत्या हाका मारत उभे राहिलो.

आईला पायरीशी ऊन पडतं तिथे खुर्ची टाकून बसवलं. आत यायची तिला बंदी होती. दार उघडं होतं आणि ती मान लांब करून आपली जमीन बघत होती. जमिनीची चमक गेली होती. तिने तोंडाने चक् केलं.

नोल्फाच्या बाजूने बाल्दोमेरो आले होते, गाव त्यांना मानाने डोन म्हणतं. गावातली इस्त्री, रेडिओ, पाण्याचे पंप, जे काही बंद पडेल ते यांच्याकडे येतं. नोल्फाचं म्हणणं होतं की दुकानदार सगळीच यंत्रं चांगली म्हणतो, पण कोणतं यंत्र किती वेळा मोडतं हे फक्त बाल्दोमेरोंना माहीत असतं. त्यांनी एक करड्या रंगाचं, बुटकं, गोल पोटाचं यंत्र आणलं होतं आणि ते फडक्याखाली झाकून ठेवलं होतं. परीक्षा कशी घ्यायची तेही त्यांनीच सांगितलं. चुलीची गार राख चाळून बोळात पसरायची, यंत्र चालवायचं, आणि यंत्रातून हवा बाहेर पडते तिथे मागे काळं फडकं धरायचं. पुढून किती ओढतं ते कोणालाही दिसतं, मागून किती सोडतं ते बघायचं असतं, असं ते म्हणाले. राखेची बादली त्यांनी बोळाच्या तोंडाशी ठेवली.

पहिला मान रोसामेलचा. त्याने कारखान्यातलं पिंपाएवढं यंत्र ढकलत आणलं. लाकडाचा भुसा, खिळे, काहीही गिळणारं धूड. सुरू केल्यावर खिडक्यांच्या काचा थरथरल्या आणि राखेचा पट्टा एका झटक्यात नाहीसा झाला. रोसामेल म्हणाला, ताकद बघा. नोल्फा मागे फडकं धरून उभी होती. तिने फडकं उलटून दाखवलं, तर ते करडं झालं होतं.

"आत कापडी पिशवी नाही का याला?" बाल्दोमेरोंनी विचारलं.

"असते," रोसामेल म्हणाला. "विसरली वाटतं."

यास्नाने नवऱ्याकडे पाहिलं. ती पिशवी तिने स्वतः शनिवारी धुऊन, वाळवून मागच्या दाराच्या खिळ्याला टांगली होती. सकाळी रोसामेलने यंत्र गाडीत चढवलं तेव्हा ती म्हणाली होती, पिशवी घे. तो हो म्हणाला होता. चोवीस वर्षांच्या संसारात हा माणूस काय काय विसरतो याची तिला यादी पाठ होती, आणि हत्यारांच्या बाबतीत तो आजवर काहीही विसरला नव्हता. सासरच्या माणसांसमोर नवऱ्याला उघडं पाडायचं नाही, एवढं तिने पाळलं होतं.

मग तिचं यंत्र आलं. पुएर्तो मोन्तच्या मोठ्या दुकानातून आणलेलं, काठीसारखं उभं, हलकं, केर साठवायला पारदर्शक डबा. सासूबाईंना एका हाताने उचलता येईल, हा तिचा मुद्दा होता आणि तो खरा होता. फडकंही बऱ्यापैकी काळं राहिलं. पण डबा रिकामा करायला तिने पायरीशी जाऊन झाकण उघडलं, तेव्हा राख भसकन् वर आली आणि तिच्या केसांत, भुवयांत जाऊन बसली. एर्मेलिंदाने खुर्ची मागे सरकवली.

"हे रोज सासूबाई करणार," यास्ना शिंकत म्हणाली. "राहू दे. माझंच मशीन, पण मी याला मत देणार नाही."

दोन यंत्रं बाद झाली. रोसामेलला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. तो तोंडाने म्हणाला की बघू, तिसरं राहिलंय. मनात तो मास्तरांच्या मंगळवारच्या भेटीचा विचार करत होता.

बाल्दोमेरोंनी फडकं काढलं. करडं यंत्र दिसायला काहीच नव्हतं. त्यांनी ते पायरीशी नेऊन एर्मेलिंदासमोर ठेवलं, कारण वापरणारी ती होती, आणि एकेक गोष्ट तिला हात लावून दाखवली. आत कागदाची जाड पिशवी, भरली की तोंड बंद करून तशीच फेकायची, राख हातालाही लागत नाही. पिशव्या कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमध्ये मिळतात. मोटर चार स्क्रूंवर उघडते. चाकांना रबर आहे. लाकडासाठी मऊ केसांचं वेगळं तोंड आहे.

"ओरखडा उठतो का?" एर्मेलिंदाने विचारलं. सकाळपासून तिने विचारलेला हा एकच प्रश्न होता.

"माझ्याकडे अशी नऊ येतात डोन्या एर्मेलिंदा, पट्टा बदलायला. मोटर जळलेलं एकही आलेलं नाही. आणि ओरखड्याचं म्हणाल तर ओतोनिएलच्या फळ्या मलाही माहीत आहेत. मी खात्री केल्याशिवाय आणलं नसतं."

तिने यंत्र एका हाताने उचलून पाहिलं. जरा जड गेलं, पण उचललं.

*

ते यंत्र आत नेऊन प्लग लावणार, एवढ्यात फाटकाशी त्रान्सितो मावशी उभी राहिली. लाँचवरून थेट आलेली, डोक्याला रुमाल, एका हातात मिल्काओची, बटाट्याच्या भाकरींची टोपली, पाठीवर पोतं. पोतं हलत होतं.

"दोन तास झाले शोधतेय, कोणी न्यायलाही आलं नाही," ती म्हणाली आणि पोतं पायरीवर उतरवलं. "घे बाई. आमच्याकडची सगळ्यात हडकुळी आणली. म्हटलं डॉक्टर बंद करतो म्हणजे चरबीचंच काहीतरी असणार."

कोणालाच काही कळेना. एर्मेलिंदाने विचारलं, हडकुळी काय? त्रान्सितोने उत्तर म्हणून पोत्याची गाठ सोडली. आत दोन महिन्यांचं गुलाबी पिल्लू होतं. ते क्षणभर दोघी बहिणींकडे बघत राहिलं आणि मग उघड्या दारातून थेट आत पळालं.

पुढचं सगळं पाच मिनिटांत आटोपलं. पिल्लू बोळात शिरलं, रोसामेल त्याच्या मागे. घासून घासून गुळगुळीत केलेल्या जमिनीवर दोघांचेही पाय घसरले. पिल्लू बादलीवर आपटलं, बादली आडवी झाली आणि दोन चुलींची राख दिवाणखान्याभर उधळली. पिल्लू राखेतून स्वयंपाकघरात गेलं, तिथून परत आलं, कोचाखाली शिरलं. शेवटी यास्नाने त्याला कोट टाकून पकडलं. नोल्फाने धावत जाऊन दार ओढून घेतलं आणि आईला फाटकापर्यंत लांब नेलं.

"निरोपात डुक्कर म्हणालात की," त्रान्सितो म्हणत होती. "डुक्कर म्हणजे डुक्कर. आमच्या बेटावर त्याला चार पाय असतात."

धूळ खाली बसली तेव्हा रोसामेल बाहेर आला. डोक्यापासून पायापर्यंत करडा. त्याने अंगही झटकलं नाही.

"बस झालं. आज काही होत नाही. आई, चल, नोल्फाकडे सोडतो तुला. उद्या डॉक्टरला सांगू की घर राहण्यासारखं नाही."

"उद्या का?" एर्मेलिंदा म्हणाली. "पुढच्या रविवारी परत बघू."

भावंडांनी एकमेकांकडे पाहिलं. तेवढं पाहणं एर्मेलिंदाला पुरेसं होतं. दोन मुलं वाढवली होती तिने, आणि अशी नजर पहिल्यांदा त्यांनी लहानपणी काच फोडली तेव्हा पाहिली होती.

"मग कोण येणार आहे माझ्या घरी?"

मास्तरांचं नाव नोल्फाने सांगितलं. सांगताना तिचा आवाज पोस्टाच्या खिडकीतल्यासारखा झाला. एर्मेलिंदाने ऐकून घेतलं. ती रागावली नाही, याचंच सगळ्यांना जास्त वाईट वाटलं. ती म्हणाली, बरं, आणि पायरीपाशी परत येऊन खुर्ची कुठे आहे म्हणून हाताने चाचपायला लागली.

तेव्हा यास्नाने डुकराचं पिल्लू मावशीच्या हातात दिलं आणि नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पिशवी खिळ्याला आहे, रोसामेल. तू सांगतोस की मी सांगू?"

रोसामेलने आईला खुर्चीत बसवलं. मग तो पायरीवर, आईच्या पायाशी बसला. मुद्दाम घरी ठेवली, असं त्याने जमिनीकडे बघत सांगितलं. माझं मशीन हरावं, सगळीच हरावीत, असं वाटत होतं. बाल्दोमेरोंनी टोपी काढली आणि उगाचच तिच्या कडेकडे बघायला लागले.

"का रे?" एर्मेलिंदाने विचारलं.

"तू आत होतीस आणि मी बाहेर हाका मारत होतो," रोसामेल म्हणाला. "मला वाटलं तू मागे अंगणात असशील. मी लाकडं उतरवली आधी, आई. सगळी लाकडं उतरवून रचली आणि मग दार फोडलं. नोल्फाकडे कडी लागली तरी शेजारी आहेत, लोक आहेत. इथे परत तसं झालं तर मी काय करू?"

हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. यास्नालाही नाही. नोल्फा गेले दोन महिने त्याला दगड म्हणत होती. आता तिला त्याच्याकडे बघवेना. तीही त्याच्या शेजारी पायरीवर बसली आणि आपल्या फुलदाणीचं, भाजलेल्या पावाच्या वासाचं, सगळं बोलून गेली. तू जिंकावंस असं मलाही अधूनमधून वाटायचं, हे तिने भावाला सांगितलं. मग दोघंही एकाच वेळी नाक पुसायला लागली.

एर्मेलिंदाने मुलाच्या केसांतली राख बोटांनी झटकली. मग आठवण होऊन हात थांबवला आणि नाकावर रुमाल धरला.

"तुझं ओझं मला आधी सांगितलं असतंस तर दोन महिने सपाता नोल्फाकडे झिजवाव्या लागल्या नसत्या," ती म्हणाली. "आता असं कर. एवढी राख पडलीच आहे, तर ते करडं यंत्र लाव. साधी परीक्षा घेऊन काय कळणार होतं? ही खरी. त्यातूनही काटा उतरला तर मास्तरांना मी स्वतः चहा करून देईन."

*

रोसामेलने घर जसं साफ केलं तसं त्या घरात कोणीही कधी केलं नव्हतं, आणि हे एर्मेलिंदाच्या घराबद्दल बोलणं म्हणजे काही कमी नाही. गुडघ्यांवर बसून त्याने फळीफळीच्या फटीतून मऊ तोंड फिरवलं. यास्नाने कोच उचलला, नोल्फाने काळं फडकं धरलं. दर दहा मिनिटांनी ती फडकं दारात येऊन आईला दाखवायची. काळं ते काळंच. अर्ध्यात पिशवी भरली, तेव्हा बाल्दोमेरोंनी ती बदलली आणि बजावलं की राखेवर रोज चालवायचं नाही, हे आजच्यापुरतं. मोटर गरम झाली, पण आवाज बदलला नाही. तिसऱ्या खोलीपर्यंत रोसामेल यंत्राशी बोलायला लागला होता, चल बाबा, आलं, झालंच. आपण कोणाची बाजू घेतोय हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा स्वयंपाकघरच तेवढं उरलं होतं.

बाहेर दोघी बहिणी उन्हात माते, तो हिरव्या पानांचा कडू चहा, पीत बसल्या. पिल्लू टोपलीला दोरीने बांधलेलं होतं आणि मिल्काओ खात होतं. त्रान्सितो हळूच म्हणाली की लाज वाटते मला, भलतंच घेऊन आले.

"तू आणलंस म्हणून पोटातलं सगळं बाहेर आलं त्यांच्या," एर्मेलिंदा म्हणाली. आणि मग तिला ते डोळ्यांसमोर आलं, रोसामेल घसरताना, पिल्लू बादलीवर आदळताना, आणि हडकुळी आणली हे त्रान्सितोचं वाक्य. ती हसायला लागली. दोन महिन्यांत ती अशी हसली नव्हती, कारण हसलं की खोकला यायचा. आत यंत्र बंद झालं. तिघंही दारात येऊन उभी राहिली आणि खोकल्याची वाट बघत राहिली. ती हसत हसत डोळे पुसत होती. खोकला आला नाही.

मग ती आत गेली. जूनपासून पहिल्यांदा. आपल्या खुर्चीत बसली, सपाता घातल्या, पाय फळ्यांवर टेकवले. चमक नव्हती, पण पायाखाली एक कण लागत नव्हता. ओतोनिएलचा फोटो तिने मांडीवर ठेवला, जागेवर ठेवला नाही. आकडा येईपर्यंत नको, असं म्हणाली. दोन तास कोणाला काही सुचलं नाही. त्रान्सितो बटाट्यांच्या किमतींवर बोलत होती आणि सगळे हो हो करत होते. रोसामेल आईच्या खांद्यांकडे बघत होता, श्वास वर जातोय का, खाली येतोय का.

दोन तास झाले. नोल्फाने नळी दिली. पहिली फुंकर, दोनशे दहा. दुसरी, दोनशे पंचवीस. तिसरीला एर्मेलिंदाने डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि फुंकलं.

"दोनशे चाळीस," नोल्फा म्हणाली. तिने पुन्हा पाहिलं. "दोनशे चाळीस आहे, आई."

यास्नाने पहिल्यांदा श्वास सोडला, मग सगळ्यांनीच. नोल्फाने आकडा वहीत लिहिला आणि वही छातीशी धरून रडली. सुटल्यासारखी रडली, आणि थोडी आपल्या रिकाम्या फ्लॅटसाठीही. एर्मेलिंदाने तिला सांगितलं की रोज संध्याकाळी सहाला इकडेच यायचं, पाव इथे भाजला जाईल, आणि चपला बाहेर काढायच्या. मास्तरांना फोन करायचं काम कोणी कोणावर ढकललं नाही. रोसामेलने तिथल्या तिथे केलं.

ओतोनिएलचा फोटो भिंतीवर गेला. करड्या यंत्राचं नाव आपोआप पडलं. गोल पोट, पुढे नळीचं नाक, आणि कोपऱ्यात उभं राहायची पद्धतही तीच. नवं डुक्कर. त्रान्सितो म्हणाली, म्हणजे रेडिओने खरंच सांगितलं होतं.

निघताना रोसामेलने कोपऱ्यातलं जुनं लोखंडी डुक्कर उचललं. भंगारात टाकतो, म्हणाला. घरात राहिलं तर तुझा हात परत त्याच्याकडे जाईल.

"ठेव ते खाली," एर्मेलिंदा म्हणाली. "दारापाशी ठेव. आतल्या बाजूने."

"दारापाशी कशाला?"

"कडी मी आजपासून लावणार नाही. हे दाराला टेकवून ठेवीन. वाऱ्याने उघडणार नाही इतकं जड आहे." तिने त्याच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला, जूनमध्ये ज्याने दार फोडलं होतं त्या. "तुझ्या खांद्याने उघडेल."

रोसामेल बाहेर गेला आणि त्याने दार ओढून घेतलं. आत ओतोनिएलच्या फळ्यांवरून लोखंड सरकल्याचा आवाज आला. तो पायरीवर थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने हलकेच खांदा लावला. दार उघडलं.

"आलास?" आईने आतून विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "बघत होतो."